परवान्यावर ‘दुनळी’ लिहिण्याआधी नळ्या उलटून पाहा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भात पोटरीला आलं, रात्री डुकरं मळ्यात उतरायला लागली की कोकणातल्या घराघरांत आजोबांच्या बंदुकीची आठवण निघते. आजोबा गेलेले असतात, परवाना जुना झालेला असतो आणि बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असते. वारसाच्या नावावर परवाना करून घ्यायचा म्हणून अर्ज भरायला बसावं, तर जुन्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं: ‘१२ बोअर दुनळी, मेक इंग्लिश, जुनी.’ तेच शब्द नव्या अर्जात उतरतात (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचं माप). बंदूक कुणी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, बघत नाही. तिच्यातली एक नळी गुळगुळीत छर्‍याची आणि दुसरी आट्यांची, म्हणजे रायफलची, आहे हे अनेकदा फार उशिरा कळतं.

अशा बंदुकीला कॉम्बिनेशन गन म्हणतात. दोन नळ्या शेजारी-शेजारी असतील तर इंग्रज तिला केप गन म्हणत, कारण दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत ती फार चालायची. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात नळ्या एकीवर एकही ठेवत. तीन नळ्यांची असेल तर ती ड्रिलिंग, बहुधा वर दोन छर्‍याच्या आणि खाली एक रायफलची. अमेरिकी बनावटीत वर .२२ इंचाची रायफलची नळी आणि खाली .४१० ची गुळगुळीत नळी ही जोडी प्रसिद्ध आहे. बाहेरून पाहिलं तर यांतल्या शेजार-नळ्यांच्या बंदुकीत आणि साध्या दुनळीत पटकन फरक दिसत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

हा घोटाळा कागदापुरता नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक आणि खर्‍याखुर्‍या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. आट्यांची नळी त्यात बसत नाही, तिचा विचार स्वतंत्रपणे होतो. परवान्यावर ‘१२ बोअर दुनळी’ आणि हातात एक नळी रायफलची, अशी तफावत तपासणीत निघाली तर निस्तरावं वारसालाच लागतं. त्याहून वाईट म्हणजे, नळी कशाची हे ठाऊक नसताना ‘बसतंय ना’ म्हणून काडतूस भरलं जातं.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. परवानाधारक वारल्यावर बंदूक घरात ठेवून ओळख पटवत बसायचं नाही. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. खाली लिहिलेली सगळी तपासणी तिथेच, जबाबदार माणसासमोर आणि शक्यतो विक्रेत्याच्या कारागिराच्या हातून व्हावी. पहिलं काम म्हणजे बंदूक मोडून सगळ्या नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहणं. ड्रिलिंगमध्ये खालची तिसरी नळी विसरली जाते, तिथे बोट घालून बघावं.

मग नळीचं तोंड उजेडाकडे करून मागच्या बाजूने पाहा. छर्‍याची नळी आरशासारखी सरळ दिसते. रायफलच्या नळीत स्क्रूच्या आट्यांसारख्या वळत जाणार्‍या खाचा दिसतात. काळ्या दारूची, म्हणजे जुन्या धुराच्या बारुदाची, काजळी आणि वर्षानुवर्षांचं तेल साचलं असेल तर खाचा भरून जातात आणि आट्यांची नळीसुद्धा गुळगुळीत भासते. म्हणून तेलाचा बोळा तीन-चार वेळा फिरवूनच निर्णय करावा. उलटही घडतं: नळी मागून पूर्ण गुळगुळीत, पण तोंडाकडच्या शेवटच्या दोन-अडीच इंचांत आटे. ही पॅराडॉक्स. कर्नल जॉर्ज फॉसबरी यांनी १८८५ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती बनवली. छर्रेही चालावेत आणि जवळून जड गोळीही चालावी अशी ही युक्ती हिंदुस्थानातल्या शिकार्‍यांना फार आवडली होती. पॅराडॉक्स म्हणजे कॉम्बिनेशन गन नव्हे, कारण तिच्या दोन्ही नळ्या एकसारख्या असतात. पण अर्जात तिचे आटेही लिहायलाच हवेत.

आता मुख्य काम. बंदुकीचं खरं जन्मपत्र तिच्या पोटावर असतं. पुढचा लाकडी तुकडा काढला, नळ्या बिजागरीवरून उतरवल्या आणि उलट्या केल्या की मागच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. हे प्रूफचे ठसे. युरोपात प्रत्येक नळी नेहमीपेक्षा जास्त दारूने उडवून तपासली जाई आणि टिकली तरच तिच्यावर ठसा उठे. ठशांच्या पद्धती कायद्याने ठरलेल्या आणि वेळोवेळी बदललेल्या असल्यामुळे त्यांवरून साल काढता येतं. वरच्या पट्टीवरची सोनेरी अक्षरं एवढं सांगत नाहीत. तिथलं नाव पुष्कळदा दुकानदाराचं असतं. कलकत्त्याची रॉडा आणि मँटन, किंवा आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, ही विकणार्‍यांची नावं. त्यांच्या नावाने विकल्या गेलेल्या कित्येक बंदुका बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी घडवलेल्या आहेत.

ठसे वाचायच्या आधीच ते नष्ट होतात, हे आमच्या भागातलं मोठं दुखणं आहे. खारा वारा, चार महिन्यांची ओल आणि घरातलं खोबरेल. खोबरेल लावलेली बंदूक पहिले काही दिवस छान दिसते, मग तेल खवट होऊन घट्ट पिवळा थर धरतं आणि त्याखाली गंज चालूच राहतो. मग कुणीतरी ‘नंबर दिसत नाही’ म्हणून पॉलिश पेपर घेतो. चार हात मारले की ठशाची उंच कड जाते आणि शंभर वर्षं टिकलेली अक्षरं संपतात. कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. घासणार्‍याचा हेतू चांगला होता हे नंतर पटवून देत बसावं लागतं. तेव्हा पॉलिश पेपर नको, तारेचा ब्रश नको, चिंच नको, लिंबू नको.

शिलाई मशीनचं पातळ तेल ठशांवर सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्याने टिपा आणि मऊ टूथब्रशने हळू घासा. दोन-तीनदा केलं की थर सुटतो. पूर्ण कोरडं झाल्यावर फळ्यावरच्या खडूची पूड बोटाने ठशावर चोळा आणि वरचा भाग सपाट पुठ्ठ्याच्या कडेने अलगद पुसा. पूड खोलात राहते आणि अक्षर पांढरं उठून दिसतं. विजेरी समोरून नको, अगदी आडवी धरा, म्हणजे सावली पडते. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा. नळ्या, बॉडी (नळ्या जिला बिजागरीने जोडतात तो लोखंडी भाग) आणि पुढचा लाकडी तुकडा यांच्यावरचे नंबर वेगवेगळे टिपा. तिन्ही जुळले तर बंदूक मूळची एकसंध आहे. जुळले नाहीत तर एखादा भाग दुसर्‍या बंदुकीचा आहे आणि साल नळीवरून काढलं तर ते फक्त नळीचं ठरतं.

जर्मन बंदूक ओळखायला सर्वांत सोपी. तिथला प्रूफ कायदा १८९१ चा, अंमल १ एप्रिल १८९३ पासून. तेव्हापासून मुकुटाखाली रोमन अक्षरं दिसतात: यू म्हणजे तपासणी झाली, जी म्हणजे आट्यांची नळी, एस म्हणजे छर्‍याची, डब्ल्यू म्हणजे तोंडाशी आवळलेली. शेजारच्या दोन नळ्यांपैकी एकीवर एस आणि दुसरीवर जी दिसला की वाद मिटला, ती कॉम्बिनेशन गन. मुकुटाखाली एन असेल तर बिनधुराच्या दारूची चाचणी झाली आहे. १ एप्रिल १९४० पासून मुकुटाच्या जागी गरुड आला. म्हणजे मुकुट असेल तर साधारणपणे १८९३ ते १९४० च्या दरम्यानची आणि गरुड असेल तर त्यानंतरची. सूल आणि त्सेला-मेलिस या जर्मन गावांतल्या बर्‍याच बंदुकांवर १९१२ च्या सुमारापासून चाचणीचा महिना-वर्षही असतो. ‘५ २८’ म्हणजे मे १९२८. हा आकडा अनुक्रमांक समजून परवान्यावर चढवण्याची चूक सहज होते. गावाच्या नावातही धागा मिळतो. त्सेला सेंट ब्लासी आणि मेलिस ही दोन गावं १९१९ मध्ये एक झाली, त्यामुळे नळीवर नुसतं ‘त्सेला सेंट ब्लासी’ असेल तर बंदूक त्याआधीची धरायला हरकत नाही. ‘क्रुप’ हे नाव दिसलं तर तो नळीच्या पोलादाचा पत्ता समजावा, बंदूक बनवणार्‍याचा नव्हे.

याच जर्मन नळ्यांवर ११८.३५, १७२.२८ असे विचित्र आकडेही असतात. हे रायफलच्या नळीचं जुन्या बोअर पद्धतीतलं माप आहे. १२ बोअर म्हणजे नळीत बसतील असे एका पौंड शिशाचे १२ गोल, त्याच हिशेबाने ११८.३५ बोअर म्हणजे सुमारे .३४ इंच आणि १७२.२८ बोअर म्हणजे सुमारे .३० इंच. हे माप आट्यांमधल्या उंच भागाचं असतं, गोळीचं नव्हे. १९१२ च्या सुमारास जर्मनांनी ही पद्धत सोडून मिलीमीटर धरले. तेव्हा असा दशांशाचा मोठा आकडा दिसला की बंदूक पहिल्या महायुद्धाच्या आधीची आहे असं जवळजवळ धरून चालावं.

इंग्रजी बंदुकीत बर्मिंगहॅम आणि लंडन अशी दोन प्रूफ हाऊस, म्हणजे नळ्या तपासून ठसा देणारी केंद्रं. बर्मिंगहॅमचा जुना ठसा मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि अक्षरं असा असतो. तो १८१३ पासून १९०४ पर्यंतचा. १९०४ पासून मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि बिनधुराच्या दारूसाठी एनपी ही अक्षरं आली. लंडनचा एनपी तलवार धरलेल्या हाताखाली असतो. ‘नॉट फॉर बॉल’ असं लिहिलेलं दिसलं तर ती नळी १८७५ ते १८८७ मधली, तोंड आवळलेली, गोल गोळी मारायला मनाई असलेली. १९२१ पासून बर्मिंगहॅमने फुलीसारख्या खुणेच्या कोपर्‍यांत बारीक अक्षरं टाकली, त्यांतलं एक सालाचं. पण १९५० मध्ये ही अक्षरं पुन्हा ए पासून सुरू झाली. एकाच अक्षराची दोन सालं निघतात तेव्हा बाकीचे ठसे पाहावे: चौरस इंचाला किती टन दाब ते कोरलेलं असेल तर बंदूक १९५४ च्या नियमांनंतर तपासलेली आहे. चौकटीतला ‘१२’ हे चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाचं, माप आहे, मॉडेल नाही.

बेल्जियमच्या बंदुकीवर लंबगोलात ईएलजी ही अक्षरं, म्हणजे लिएजचं प्रूफ हाऊस. वर मुकुट असेल तर १८९३ नंतरची.

अमेरिकी .२२-.४१० ची गोष्ट वेगळी. तिथे सरकारी प्रूफ हाऊस नव्हतं. स्टीव्हन्स कंपनीने दुसर्‍या महायुद्धाच्या आसपास ही जोडी बनवली. तिच्यातल्या काहींचा दस्ता लाकडाचा नसून टेनाइट नावाच्या प्लास्टिकचा आहे, वरवर लाकडासारखाच दिसतो. १९५० पासून तीच घडण सॅव्हेज मॉडेल २४ म्हणून आली. कोणती नळी उडवायची ते ठरवणारी कळ आधीच्या बंदुकीत बॉडीच्या बाजूला आणि नंतरच्या घडणीत घोड्यावर आहे. नळीवर कारखान्याचा पत्ता चिकोपी फॉल्स असेल तर १९६० पूर्वीची, वेस्टफील्ड असेल तर नंतरची. बॉडीवर बारीक लंबगोलात एक आकडा आणि एक अक्षर असेल तर अक्षर सालाचं: ए म्हणजे १९४९, बी १९५०, असं पुढे, फक्त ओ आणि क्यू वगळून, एक्स म्हणजे १९७० पर्यंत. आणि सर्वांत महत्त्वाचं: १९६८ च्या कायद्याआधी अमेरिकेत अशा साध्या बंदुकांवर अनुक्रमांक टाकणं सक्तीचं नव्हतं. त्यामुळे या बंदुकीवर नंबर नसेल तर तो कुणी पुसला असंच नव्हे, तो मुळातच नसू शकतो. अर्जात ‘मूळ अनुक्रमांक नाही’ असं सरळ लिहावं आणि ओळखखूण कशी उठवायची ते परवाना अधिकार्‍याकडून लेखी घ्यावं. पेटंटचा नंबर उचलून रकाना भरू नये, लोहाराकडून नंबर ठोकून तर मुळीच घेऊ नये.

.४१० बद्दल एक इशारा. शॉटगनचं .४१० आणि पोलिसांच्या जुन्या मस्केटचं .४१० ही वेगळी काडतुसं आहेत. मस्केटचं .३०३ रायफलच्या काडतुसाच्या केसवरून बनलेलं आहे आणि ते मस्केट प्रतिबंधित बोअरच्या यादीत आहे. अर्जात नुसतं ‘.४१०’ लिहिलं तर प्रकरण भलत्याच रकान्यात जाऊ शकतं. ‘.४१० शॉटगन, गुळगुळीत नळी’ असे पूर्ण शब्द लिहा.

आता मापं. छर्‍याच्या नळीत चेंबर किती लांब ते पाहायला २० मिलीमीटर रुंदीची पितळी पत्र्याची पट्टी कापा, कडा गुळगुळीत करा. १२ बोअरच्या चेंबरमध्ये ती सरळ जाते आणि जिथे नळी आवळायला लागते तिथे अडते. तिथपर्यंतची लांबी मोजा. जुन्या इंग्रजी नळ्या अडीच इंचांच्या आणि जर्मन ६५ मिलीमीटरच्या निघतात. आजचं ७० मिलीमीटरचं काडतूस त्यांत सहज बसतं, बंदूक बंदही होते, कारण न उडालेल्या काडतुसाचं तोंड दुमडलेलं असतं. उडताना ते उलगडतं, पुढच्या आवळत्या भागात शिरतं आणि दाब चढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा समज इथेच फसतो. नळीवर दमास्कसची लाटांसारखी नक्षी असेल आणि एनपी किंवा मुकुट-एन नसेल, तर ती नळी काळ्या दारूची आहे. तिच्यात आजचं काडतूस घालूच नये.

रायफलच्या नळीचं खरं माप ठशावरून नेहमी कळत नाही. त्यासाठी शिशाचा ठोकळा नळीतून काढतात. आपल्याकडे जाळ्याला लावायचं मऊ शिसं प्रत्येक बंदरावर मिळतं. नळीहून किंचित जाड असा तुकडा घ्यावा, नळीला आतून तेल लावावं, पितळी किंवा लाकडी दांड्याने मागून पुढे हलक्या ठोक्यांनी ढकलत न्यावा. लोखंडी सळई वापरली तर आट्यांना ओरखडे पडतात. बाहेर आलेल्या शिशावर आट्यांचा साचा उमटतो. समोरासमोरच्या उंचवट्यांवर मायक्रोमीटर धरून माप घ्यावं. जर्मन ८ मिलीमीटर नळीत हे फार जपून करायचं काम आहे, कारण तिथे दोन मापं आहेत: जुनं .३१८ इंच म्हणजे सुमारे ८.०८ मिलीमीटर आणि नंतरचं .३२३ इंच म्हणजे सुमारे ८.२ मिलीमीटर. फरक केसाएवढा, पण जाड गोळी बारीक नळीत गेली तर जुन्या बिजागरीवर येणारा ताण धोक्याचा आहे. हे काम कारागिराने करावं आणि माप अर्जाला जोडावं.

अर्जातल्या ‘मॉडेल’ या रकान्याने लोक सर्वांत जास्त अडतात. सूल, ऑस्ट्रियातलं फेरलाख किंवा बर्मिंगहॅमच्या छोट्या कारखान्यांत हाताने घडवलेल्या बंदुकांना पुष्कळदा मॉडेलच नसतं. त्यांची ओळख रचनेतून आणि मापांतून होते. म्हणून त्या रकान्यात काहीतरी नाव ठोकण्यापेक्षा असं लिहावं: ‘मॉडेल नाही. मोडणारी बंदूक, शेजारी दोन नळ्या, घोडे बाहेर, दोन चाप. एक नळी गुळगुळीत १६ बोअर, चेंबर ६५ मिमी. दुसरी आट्यांची, शिशाच्या साच्यावरचं माप अमुक. जर्मन मुकुटाचे ठसे, चाचणी मे १९२८. नंबर नळी, बॉडी व पुढच्या लाकडावर एकच.’ कोणती नळी उजवी, कोणती डावी आणि पुढचा चाप कोणत्या नळीचा हेही टाकावं, कारण बंदुकीगणिक ते बदलतं.

जिल्हा परवाना कार्यालयांना आमची विनंती आहे की, वारसाहक्काच्या प्रकरणात ठशांचे फोटो आणि प्रत्येक नळीचं स्वतंत्र वर्णन अर्जासोबत स्वीकारावं आणि परवान्यावरही नळ्या वेगवेगळ्या लिहाव्यात. जुन्या पुस्तकातली चूक अर्जदाराने स्वतःहून दाखवली तर त्याच्याकडे संशयाने पाहू नये. तसं पाहिलं गेलं तर पुढचा माणूस ‘दुनळी’ लिहूनच मोकळा होईल.

निवडणुकीच्या आचारसंहितेत किंवा वारसाचं प्रकरण संपेपर्यंत बंदूक ठाण्यात राहते तेव्हाही एवढं पाहावं: पोच पावतीवर दोन्ही नळ्यांचं बोअर आणि नंबर आहे का. बंदूक चामडी किंवा कापडी म्यानात देऊ नये, पावसाळ्यात ती म्यानं ओल धरतात आणि ठशांची बाजूच आधी गंजते. आतून-बाहेरून पातळ तेल लावून, नळ्यांचं तोंड खाली करून उभी ठेवायला सांगावं, म्हणजे तेल बॉडीतल्या कुलपात उतरत नाही. आधी काढलेले ठशांचे फोटो परत घेताना ताडून पाहावेत.

आपले विश्वासू,
जुन्या शस्त्रांचे काही अभ्यासक व कारागीर,
रत्नागिरी